मोटरचे गेट आणि शटर : रत्नागिरीच्या घरांसाठी सुरक्षिततेचे मार्गदर्शन

रत्नागिरी शहरात आणि आसपास घरच्या गाडीसाठी बसवलेले स्वयंचलित दार मुख्यतः दोन प्रकारचे असते. कुवारबाव, नाचणे, शिरगाव या भागांतल्या बंगल्यांना चिऱ्याच्या कुंपणात रुळावर सरकणारे लोखंडी गेट असते आणि त्याच्या पायाशी मोटर. तळमजल्यावर बंदिस्त पार्किंग किंवा गाळा असेल तिथे वर गुंडाळले जाणारे रोलिंग शटर असते. आडव्या फळ्यांचे, छताखाली सरकत जाणारे गॅरेजचे दार इथे अजून क्वचित दिसते. रचना तीन तऱ्हेच्या असल्या तरी धोक्याचे मूळ एकच आहे, ते म्हणजे वजन. चार मीटर रुंदीचे पत्रा मारलेले गेट दोनशे-तीनशे किलो सहज भरते. तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच लोखंडी शटर शंभर किलोच्या घरात जाते. बटण दाबले की एवढे ओझे सहज हलते, आणि म्हणूनच घरच्यांना त्याचा विसर पडतो.

अशा दारात मोटरचे काम फक्त हलवण्याचे. ओझे पेलण्याचे काम दुसऱ्याच भागांकडे असते. छताखाली सरकणाऱ्या दारात ते स्प्रिंग आणि तारेच्या दोरांकडे असते, शटरमध्ये वरच्या दांड्यातल्या स्प्रिंगांकडे किंवा मोटरच्या साखळीकडे आणि ब्रेककडे, तर सरकत्या गेटमध्ये खालच्या चाकांकडे आणि वरच्या आधाररोलरांकडे. दुरुस्तीच्या वेळी मात्र सगळे लक्ष मोटरकडे आणि रिमोटकडे जाते, कारण बिघाड तिथेच जाणवतो. पेलणारा भाग झिजत असताना दार पूर्वीसारखेच चालत राहते आणि एक दिवस एकदम सुटते. रत्नागिरीत ही झीज पुण्या-सोलापूरपेक्षा कितीतरी वेगाने होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि बारा महिने खारा वारा यांच्यापुढे साधे लोखंड टिकत नाही. मांडवी, मिऱ्या, भाट्ये अशा अगदी किनाऱ्यालगतच्या घरांत तर रंगाला एक ओरखडा गेला तरी पहिल्या पावसातच त्या जागी गंजाचा फुगवटा येतो.

सर्वांत आधी सरकत्या गेटचा विचार करायला हवा, कारण तेच सर्वांत जास्त आहे आणि त्याचाच धोका सर्वांत कमी ओळखला जातो. जुलै २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या बोपखेल भागात लहान मुले खेळत असताना एक लोखंडी सरकते गेट कोसळले आणि त्याखाली सापडून एका चिमुरडीचा मृत्यू झाला. गेट त्या वेळी हाताने सरकवले जात होते. विजेचा त्यात काही संबंध नव्हता. सरकते गेट खाली फक्त दोन चाकांवर उभे असते आणि चाके एका सरळ रेषेत असतात. त्याला उभे धरून ठेवतात ते वरच्या बाजूचे आधाररोलर. गेट गरजेपेक्षा पुढे गेले आणि रोलरांच्या पकडीतून बाहेर आले, किंवा रोलरांचा खांबच हलला, तर गेट आडवे होते. त्या क्षणी ते एका माणसाच्या हातांनी थोपत नाही.

गेट पुढे जाऊ नये म्हणून रुळाच्या दोन्ही टोकांना भक्कम अडसर, म्हणजे स्टॉपर, लागतो. मोटर बसवणारे पुष्कळदा तो गाळतात. लिमिट स्विच असताना स्टॉपर कशाला, असा त्यांचा हिशेब असतो, आणि हा हिशेब धोकादायक आहे. लिमिट स्विच मोटरला थांबवतो. वीज गेल्यावर किल्ली फिरवून गेट मोटरपासून सोडवले की लिमिट स्विचचा काही उपयोग उरत नाही, आणि रत्नागिरीच्या पावसाळ्यात वीज जाणे नित्याचे आहे. अंधारात, पावसात, घाईने गेट ढकलले जाते आणि त्याला थांबवणारे काही नसते. म्हणून स्टॉपर लोखंडी असावा, जमिनीतल्या काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला असावा आणि त्याची उंची चाकाच्या निम्म्यापेक्षा जास्त असावी. गेटच्या चौकटीला अडवणारा उंच अडसर त्याहून चांगला. तपासणी सोपी आहे. मोटरचा मुख्य स्विच बंद करून, गेट किल्लीने सोडवून ते हळूहळू पूर्ण उघडेपर्यंत आणि पूर्ण बंद होईपर्यंत ढकलावे. दोन्ही टोकांना ते लोखंडावर आदळून थांबले पाहिजे आणि थांबल्यावरही वरचे दोन्ही रोलर त्याला धरून असले पाहिजेत. हे करताना दोन मोठी माणसे असावीत. दोघांनी गेटच्या टोकाशी उभे राहावे. गेट ज्या बाजूंना पडू शकते तिथे कोणीही नसावे आणि मुले घरात असावीत.

आधाररोलरांचा खांब कशात रोवला आहे हेही पाहावे लागते. कोकणात कुंपण जांभ्या चिऱ्याचे असते आणि ब्रॅकेट थेट चिऱ्यात खुंट्या ठोकून बसवण्याची पद्धत आहे. जांभा सच्छिद्र असतो, पावसात पाणी पितो आणि खुंटीभोवती झडतो. रोज धक्के खाणारा बोल्ट त्यात दोन-तीन पावसाळ्यांत सैल होतो. ब्रॅकेट हाताने हलवून पाहिल्यावर तांबडी भुकटी खाली पडत असेल तर बोल्ट आवळून भागत नाही, कारण पकडच गेलेली असते. खांब आरसीसीचा असावा किंवा कुंपणाशेजारी स्वतंत्र लोखंडी खांब काँक्रीटच्या पायात उभा करून त्यावर रोलर चढवावेत. रुळाचेही तसेच. पावसात अंगणातली तांबडी माती आणि खडी वाहून रुळात साचते, चाक तिच्यावर चढते आणि मोटर ते ओळखत नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी रूळ झाडूने साफ करावा आणि रुळाशेजारून पाणी वाहून जाईल असा चर ठेवावा.

गेटच्या फटी हा दुसरा धोका. २०१० साली ब्रिटनमध्ये मँचेस्टर आणि वेल्समधील ब्रिजेंड इथे काही दिवसांच्या अंतराने दोन लहान मुली विजेच्या गेटमध्ये चिरडून दगावल्या. त्यानंतर तिथल्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने अशा गेटांविषयी जाहीर इशारे दिले. गेट जिथे खांबाला जाऊन भिडते ती जागा सर्वांच्या लक्षात असते, मागची फट मात्र लक्षात येत नाही. उघडताना गेट कुंपणाच्या भिंतीला घासून मागे जाते. गेटला उभे गज असतील आणि मुलाने त्यांतून हात बाहेर काढला असेल, तर गज आणि भिंत यांच्यामध्ये हात ओढला जातो. गजांच्या गेटला मोटर बसवायची असेल तर आधी त्याला बारीक जाळी किंवा पत्रा मारावा. पत्र्याने वजन आणि वाऱ्याचा दाब दोन्ही वाढतात, म्हणून किनाऱ्यालगत जाळी बरी. गेटवर चढून फेरी मारणे हा मुलांचा आवडता खेळ असतो. तो हसण्यावारी न नेता ठामपणे थांबवावा.

रोलिंग शटरकडे वळताना पहिला प्रश्न हा की ते स्प्रिंगचे आहे की नुसत्या मोटरचे. स्प्रिंगच्या शटरमध्ये गुंडाळलेल्या स्प्रिंगा शटरचे वजन तोलून धरतात. विहिरीवरच्या लाटेला मागे बांधलेला धोंडा जसा भरल्या कळशीचा भार हलका करतो, तसेच हे काम. तोल नीट आहे का ते पाहण्यासाठी वीज बंद करून, मोटर सोडवून, दोघांनी मिळून शटर कमरेइतके उचलावे आणि पकड हळूच ढिली करावी. चांगल्या तोलाचे शटर तिथेच राहते किंवा किंचित सरकते. ते झपकन खाली येत असेल तर स्प्रिंग थकली आहे आणि सगळे ओझे मोटरवर पडते आहे. ते वापरायचे थांबवून कारागीर बोलवावा. छताखाली सरकणाऱ्या दारालाही हीच चाचणी लागू पडते. त्या दारांच्या स्प्रिंगांचे आयुष्य साधारण दहा हजार उघडझापींचे धरतात, म्हणजे दिवसाला चार वेळा उघडणाऱ्या घरात जेमतेम सात वर्षे. गंजलेली स्प्रिंग त्याच्या बरीच आधी तुटू शकते.

बाजूला मोटर आणि साखळी असलेल्या जड शटरमध्ये स्प्रिंगा बहुधा नसतात. तिथे वरची हाताने उचलून पाहण्याची चाचणी करू नये. अशा शटरचा सगळा भार साखळी, गिअर आणि ब्रेक यांवर असतो. साखळी तुटली तर ते तलवारीच्या पात्यासारखे खाली येते. त्यासाठी वेगळा सुरक्षा-ब्रेक मिळतो, जो शटर घसरू लागताच दांडा जखडतो. नवे शटर घेताना तो आहे का हे विचारावे आणि जुन्याला बसवून घ्यावा. त्यासाठी होणारा खर्च वाचवण्यासारखा नाही.

स्प्रिंगला, तिच्या बोल्टांना आणि तारेच्या दोराला घरच्या कोणीही पाना लावू नये. गुंडाळलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेला जोर बोल्ट सैल होताच पान्यातून हातावर आणि तोंडावर येतो. वेल्डिंग करणारा ओळखीचा फॅब्रिकेटरही या कामाला योग्य असेलच असे नाही. शटरचे काम रोज करणारा माणूसच लागतो.

आता दाराला अडथळा कळतो का याविषयी. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक घरगुती गॅरेज-मोटरला केवळ आदळल्यावर मागे फिरण्याची सोय पुरेशी मानली जात नाही. दाराच्या वाटेत कोणी आहे हे ओळखणारा प्रकाशकिरणाचा सेन्सर किंवा दाराच्या खालच्या कडेचा स्पर्श-सेन्सरही लागतो. युरोपातल्या मानकानुसार बंद होत आलेल्या दाराचा धक्का ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे चाळीस किलोच्या दाबापेक्षा, जास्त नसावा आणि पाऊण सेकंदात तो ओसरला पाहिजे. भारतात धातूच्या रोलिंग शटरसाठी आयएस ६२४८ हे मानक आहे. खरेदी करताना त्याचा उल्लेख बिलावर मागावा.

घरी मोटर अडथळा ओळखते का हे लाकडाच्या तुकड्याने तपासता येते. सुमारे चार सेंटिमीटर जाडीची फळी दाराच्या वाटेत जमिनीवर आडवी ठेवून दार बंद करावे. फळीला टेकताच दार थांबून मागे फिरले पाहिजे. गेटसाठी फळी खांबाला टेकवून उभी धरतात, पण ती हातात न धरता खांबाला बांधावी. स्वतःच्या हाताने किंवा पायाने ही चाचणी कधीही करू नये. आपल्याकडच्या बऱ्याच शटर-मोटरी या चाचणीत नापास होतात, कारण त्यांना अडथळा ओळखण्याची सोयच नसते. त्या फक्त वर आणि खाली थांबायच्या जागा ओळखतात. अशा शटरला एकदा दाबून सोडायचा रिमोट असू नये. दाबून ठेवले तरच चालणारे आणि बोट काढताच थांबणारे बटण शटर पूर्ण दिसेल अशा जागी, मुलांच्या हाताबाहेर, जमिनीपासून दीड मीटरवर बसवावे. रिमोटची सोय जाते, पण सेन्सर नसलेल्या शटरसाठी हाच एक सुरक्षित मार्ग आहे.

प्रकाशकिरणाचा सेन्सर गॅरेजच्या दाराला जमिनीपासून १५ सेंटिमीटरपर्यंतच्या उंचीवर असावा, म्हणजे रांगते मूल त्याच्या नजरेतून सुटत नाही. गेटला तो बहुधा गुडघ्याच्या वर बसवतात, गाडी दिसावी म्हणून. घरात लहान मूल असेल तर खाली दुसरी जोडी लावून घ्यावी. रत्नागिरीत पश्चिमेचा कलता सूर्य सेन्सरच्या डोळ्यात थेट शिरतो आणि संध्याकाळी गेट उगाच अडते. अशा वेळी किरण घेणारा भाग पश्चिमेकडे पाठ करून बसवला की त्रास मिटतो. कोळ्याची जाळी, शेवाळ आणि मिठाचा थर हे त्याचे नेहमीचे शत्रू. ओल्या मऊ फडक्याने महिन्यातून एकदा काच पुसावी. सेन्सर वारंवार अडवतो म्हणून तारा जोडून तो निकामी करणे हा सर्रास चालणारा आणि अत्यंत घातक उपाय आहे. दुरुस्तीनंतर कारागीर गेल्यावर दार बंद होत असताना किरणाच्या वाटेत केरसुणी धरून पाहावी. दार थांबले नाही तर त्याला परत बोलवावे.

विजेची बाजू पावसाळ्याच्या दृष्टीने पाहावी लागते. गेटची मोटर अंगणाच्या सखल कोपऱ्यात असेल तर तिचा काँक्रीटचा ओटा तिथे साचणाऱ्या पाण्याच्या पातळीहून वर हवा. गेटसाठी स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का ते पाहावे. लोखंडी गेट पावसात भिजलेले असते, त्याला ओल्या हातांनी आणि अनवाणी पायांनी स्पर्श होतो, म्हणून अर्थिंगबाबत तडजोड चालत नाही. जांभ्याच्या कातळावर चांगले अर्थिंग मिळणे अवघड असते आणि एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठणठणीत झाली की ते आणखी कमजोर होते. परवानाधारक वायरमनकडून त्याचे मोजमाप उन्हाळ्यातच करून घ्यावे, कारण पावसात केलेले माप फसवे चांगले येते. नियंत्रण पेटीत तार शिरते ते भोक मोकळे सोडले तर पाल आणि मुंग्या आत जातात. सर्किटबोर्डावर चिकटलेली पाल हे गेट आपोआप उघडण्याचे किंवा बंद पडण्याचे कोकणातले अगदी ठरलेले कारण आहे. भोकाला रबरी ग्लँड बसवावी. वळिवाच्या आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की मुख्य स्विच बंद करावा.

बोल्ट, कड्या आणि चाकांचे आस यांसाठी किनाऱ्याजवळ ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. ३०४ प्रतही खाऱ्या हवेत डागाळते. पत्रा आणि चॅनेल गॅल्वनाइज केलेले हवेत. कापलेल्या आणि वेल्डिंग केलेल्या जागी गॅल्वनाइजिंग जळून गेलेले असते, तिथे जस्ताचा प्रायमर लावून मगच रंग द्यावा.

वीज गेल्यावर दार हाताने कसे उघडायचे हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला यायला हवे, आजी-आजोबांनाही. कॅलिफोर्नियात २०१७ च्या वणव्यांत वीज गेल्याने गॅरेजची दारे उघडता न येऊन काही माणसे अडकली. त्यामुळे १ जुलै २०१९ पासून तिथे अशा मोटरींना बॅटरीची जोड सक्तीची झाली. इथला अनुभव वादळांचा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली आणि मंडणगडकडच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. त्यामुळे मोटर सोडवण्याची किल्ली ठरलेल्या खिळ्यावर टांगलेली असावी आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाने ती फिरवून पाहावी, नाहीतर खाऱ्या हवेत तिचे कुलूपच जाम होते. फक्त शटरमधूनच बाहेर पडता येते अशा खोलीत कोणी राहत किंवा झोपत असेल, तर आधी दुसरे दार करून घ्यावे. बंद शटरच्या आत जनरेटर किंवा गाडीचे इंजिन चालू ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो वरच्या खोल्यांपर्यंत पोचतो.

रत्नागिरीतल्या कितीतरी घरांत वर्षभर दोन वयस्क माणसे राहतात आणि मे महिन्यात व गणपतीत मुंबई-पुण्याचे चाकरमानी मुलाबाळांसह येतात. दार कमी वापरून जाम झालेले असते आणि नेमके तेव्हाच अंगणात त्याची सवय नसलेली मुले धावत असतात. म्हणून मोठ्या तपासणीचे दिवस यावरूनच ठरवावेत. एक तपासणी एप्रिलमध्ये, आंब्याच्या पेट्यांची आणि टेम्पोंची वर्दळ वाढण्याआधी. दुसरी मिरगाआधी, ग्रीस आणि विजेच्या कामासाठी. तिसरी गणपतीच्या आदल्या आठवड्यात. पाहुणे आल्यावर पहिल्याच दिवशी मुलांना गेट चालू करून दाखवावे आणि ते हलत असताना कुठे उभे राहायचे नाही हे जागेवर नेऊन सांगावे. रिमोट मुलांच्या हाती देऊ नये.

मुंबईत बसून मोबाइलवरून गावचे गेट उघडून देण्याची सोय आता आली आहे. आई-वडिलांसाठी ती खरोखर उपयोगी आहे, पण तिच्यावर एक बंधन हवे. दुरून गेट उघडावे, बंद मात्र करू नये. कॅमेऱ्यात गेटच्या मागची फट आणि पायाजवळची जागा दिसत नाही. बंद करणाऱ्याने गेट संपूर्ण दिसेल असे उभे राहावे आणि ते पूर्ण थांबेपर्यंत हलू नये. ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय सेन्सरची जोडी नीट चालत असेल तरच सुरू ठेवावी. रिमोट हरवला तर त्याचा कोड त्याच दिवशी मोटरमधून काढून टाकावा.

नवे काम देताना एक अडचण नेहमी येते. गेट एका फॅब्रिकेटरने केलेले असते, मोटर दुसऱ्याने पुरवलेली असते आणि वायरिंग तिसऱ्याचे असते. काही बिघडले की तिघे एकमेकांकडे बोट दाखवतात. जो मोटर बसवतो त्यानेच गेटचे वजन, स्टॉपर, रोलर आणि सेन्सर तपासून तसे बिलावर लिहून सही करावी, असे आधीच ठरवावे. या अटीला नकार देणाऱ्याकडून मोटर घेऊ नये.

एवढे करूनही कोणी दाराखाली किंवा फटीत सापडले, तर प्रथम रिमोटने दार उलट फिरवण्याचा एकच प्रयत्न करावा. ते हलले नाही तर मुख्य स्विच बंद करावा. सरकते गेट किल्लीने सोडवून मागे ढकलावे. शटर मात्र अशा वेळी मोटरपासून सोडवू नये, कारण सोडवताच ते आणखी खाली येऊ शकते. त्याच्या खालच्या पट्टीला गाडीचा जॅक लावून ते उचलावे आणि बाजूला चिरे किंवा लाकडी ठोकळे रचत जावे, म्हणजे जॅक घसरला तरी ओझे परत बसत नाही. कोसळलेल्या गेटलाही हाच उपाय. दुसऱ्या माणसाने तोवर १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर मदत मागावी. सुटका झालेले मूल बोलत-चालत असले तरी छाती किंवा पोट दाबले गेले असेल तर आत रक्तस्राव असू शकतो. म्हणून त्याला लगेच जिल्हा शासकीय रुग्णालयात किंवा जवळच्या सर्जनकडे न्यावे, दार किती वेळ अंगावर होते ते डॉक्टरांना सांगावे आणि तपासणी होईपर्यंत त्याला खायला-प्यायला देऊ नये.